अस्सल, नक्कल आणि मारियो

मागच्या रमजान ईदला बहीण मुलांना घेऊन माहेरी आली होती. शीरखुर्मा झाला, मोठी माणसे गप्पांना बसली आणि मुले कोपऱ्यात मोबाइलवर जमली. माझ्या मुलाला जुने व्हिडिओ गेम शोधून खेळायची आवड आहे. त्याने मारियोचा एक जुना खेळ लावला. भाच्याने वाकून पाहिले आणि लगेच निकाल दिला, ‘‘ये असली मारियो नहीं है भाई. दूसरे गेम पे मारियो का चेहरा लगाया है.’’

मुलगा चिडला. दोघांत हुज्जत सुरू झाली. मी हसत होतो, कारण हेच वाक्य याच घरात मी तीस वर्षांपूर्वी ऐकले होते.

तेव्हा मी सातवी-आठवीत असेन. माझे मामू दुबईला नोकरीला होते. एका सुट्टीत त्यांनी आमच्यासाठी व्हिडिओ गेमची एक पिवळी कॅसेट आणली. (काळ्या, पिवळ्या प्लास्टिकच्या त्या चौकोनी डब्यांना आम्ही सगळे ‘कॅसेट’च म्हणायचो.) टीव्हीवर नाव झळकले ‘सुपर मारियो यूएसए’. मारियो आम्हाला ठाऊक होता. शेजारच्या घरी तासाला दोन रुपये देऊन आम्ही तो खेळलो होतो. उडी मारून शत्रूच्या डोक्यावर पडायचे, डोक्याने विटा फोडायच्या, शेवटी झेंड्याच्या खांबावरून घसरायचे. या नव्या कॅसेटमध्ये मात्र यातले काहीच नव्हते. शत्रूच्या डोक्यावर उडी मारली तर तो मरत नव्हता, उलट आपल्याला डोक्यावर घेऊन चालू लागत होता. जमिनीतून सलगम उपटून शत्रूवर फेकायचे होते. झेंडा नव्हता, डोंगळ्यासारखे ते ओळखीचे शत्रू नव्हते, मारियोचा नेहमीचा वैरी नव्हता. वाळवंट होते, पिरॅमिड होते, रांजणातून डोके काढणारे नाग होते आणि उडत्या गालिच्यावर बसलेला पक्षी होता.

माझा चुलतभाऊ दोन दिवसांत कंटाळला. ‘‘मामू को किसी ने नकली माल पकड़ा दिया,’’ असे म्हणून त्याने रिमोट टाकला. बहिणीने तो उचलला. या खेळात मारियोऐवजी राजकन्या घेऊन खेळता येते, हे तिने शोधून काढले होते. त्याआधी रिमोट तिच्या वाट्याला फारसा येत नसे.

एकाच कॅसेटवर एकाच घरात अशी दोन मते. पुढे वाचत गेलो तसे कळले की, हा वाद आमच्या घरापुरता नव्हता. अमेरिकेपासून जपानपर्यंत लाखो खेळाडू या एका खेळावरून असेच विभागलेले आहेत. कोणाला तो मारियोच्या मालिकेतला सावत्र पोर वाटतो, कोणाला सगळ्यांत लाडका. भाच्याचे म्हणणे माहिती म्हणून अगदी बरोबर आहे. तो खरेच दुसरा खेळ होता. पण तो कोणाचा होता, त्यात आधी कोण राहत होते आणि त्यांना बाहेर का काढले गेले, हा इतिहास मोठा मनोरंजक आहे. त्यात आपल्याला, म्हणजे मराठीत लिहिणाऱ्या-वाचणाऱ्या मुसलमानांना, विचार करायला लावणारेही काही आहे.

दोन नंबरचे दोन खेळ

जपानच्या निन्टेन्डो कंपनीने 1983 साली ‘फॅमिकॉम’ नावाचे घरगुती खेळयंत्र बाजारात आणले. आपल्याकडे नव्वदच्या दशकात जी स्वस्त यंत्रे मिळत, त्यांतली बहुतेक याच यंत्राच्या नकला होत्या. 1985 च्या सप्टेंबरमध्ये ‘सुपर मारियो ब्रदर्स’ आला आणि जगभर गाजला.

पुढल्याच वर्षी, 3 जून 1986 रोजी, जपानमध्ये त्याचा दुसरा भाग आला. तो नव्या ‘डिस्क सिस्टिम’साठी होता. दिसायला पहिल्यासारखाच, पण खेळायला भयंकर अवघड. त्यात विषारी अळंबी होती, मध्येच सुटणारा वारा उडीचा अंदाज चुकवायचा आणि काही गुप्त वाटा खेळाडूला पुढे नेण्याऐवजी मागे ढकलायच्या. पहिला भाग कोळून प्यायलेल्यांसाठी केलेला तो खेळ होता.

अमेरिकेतल्या शाखेने तो खेळून पाहिला. नवे खेळ तपासण्याचे काम तिथे हॉवर्ड फिलिप्स यांच्याकडे होते. त्यांना हा खेळ आनंदापेक्षा त्रासच जास्त देणारा वाटला. अमेरिकेत घरगुती व्हिडिओ गेमचा धंदा 1983 च्या मंदीत बुडाला होता आणि निन्टेन्डोने तो नुकताच पुन्हा उभा केला होता. अशा वेळी गिऱ्हाइकाला वैताग आणणारा खेळ विकायचा कसा? तो तिथे पाठवायचा नाही, असे ठरले. (हा खेळ अमेरिकेला अधिकृतपणे मिळाला तो थेट 1993 साली, एका संग्रहात, ‘हरवलेल्या पायऱ्या’ अशा अर्थाच्या नावाने.)

आता अडचण अशी की, अमेरिकेला मारियोचा दुसरा भाग तर हवा होता. जपानमध्ये होता तो चालणार नव्हता. मग दुसरा आणायचा कुठून? उत्तर कंपनीच्या घरातच होते, फक्त त्यावर नाव दुसऱ्याचे होते.

धडधड आणि स्वप्नांचा कारखाना

10 जुलै 1987 रोजी जपानमध्ये एक खेळ आला होता. त्याचे नाव ‘युमे कोजो : दोकी दोकी पॅनिक’. ‘युमे कोजो’ म्हणजे स्वप्नांचा कारखाना. ‘दोकी दोकी’ हा जपानी भाषेतला छातीच्या ठोक्यांचा आवाज, आपल्या मराठीतली ‘धडधड’. खेळ बनवला होता निन्टेन्डोने, पण तो प्रकाशित केला होता फुजी टेलिव्हिजनने. त्या उन्हाळ्यात फुजीने ‘युमे कोजो 87’ नावाचा मोठा मेळा भरवला होता आणि त्या मेळ्याची जी चित्रमय पात्रे होती, त्यांना घेऊन हा खेळ केला होता.

खेळाची सुरुवात मात्र मेळ्यातून झालेली नव्हती. त्याचे दिग्दर्शक केन्सुके तानाबे यांनी 2011 साली एका मुलाखतीत ही हकिकत सांगितली आहे. आधी दोन खेळाडूंनी मिळून खेळायचा एक प्रायोगिक नमुना तयार झाला होता. त्यात एकमेकांना उचलायचे, फेकायचे, ठोकळे रचायचे आणि वर वर चढत जायचे. कल्पना चांगली होती, पण त्या काळच्या यंत्रावर ती नीट उतरत नव्हती आणि एकट्या खेळाडूला त्यात मजा नव्हती. मारियोचे जनक शिगेरू मियामोतो यांनी सुचवले की, हे आडव्या दिशेने सरकू द्या, मारियोसारखे करा. पुढे फुजीशी करार झाला आणि त्या सांगाड्यावर मेळ्यातले कुटुंब बसवण्यात आले. संगीत कोजी कोंदो यांचे, म्हणजे मारियोला संगीत देणाऱ्यांचेच.

म्हणजे मारियोचे रक्त या खेळात आधीपासून होते. माझ्या भाच्याच्या वाक्याला पहिला तडा जातो तो इथे.

पागोटेवाले कुटुंब

त्या कुटुंबात चौघे होते. इमाजिन नावाचा मुलगा, त्याची मैत्रीण लिना, आणि आईबाप, म्हणजे मामा आणि पापा. (जपानीतही आईला ‘मामा’ म्हणतात. मराठी वाचकाने गोंधळू नये.) त्यांचा पोशाख अलिफ-लैलाच्या चित्रांतला. डोक्याला पागोटे, अंगात जाकीट. खेळाची कथाही गोष्टीच्या पुस्तकातली. दोन जुळी भावंडे एका जादूच्या पुस्तकावरून भांडतात, शेवटचे पान फाटते आणि पुस्तकातला दुष्ट राजा त्यांना आत ओढून घेतो. मग हे चौघे पोरांना सोडवायला पुस्तकात शिरतात.

त्या दुष्ट राजाचे, एका जाड्या बेडकाचे, जपानी नाव आपल्या कानाला सरळ ‘मामू’ असे ऐकू येते. दुबईहून कॅसेट आणणाऱ्या मामूंना मी हे अलीकडेच सांगितले. ते खूप हसले.

मूळ खेळात एक नियम होता, तो मला फार आवडतो. चौघांपैकी एकाने खेळ संपवून भागत नसे. मुलगा, मैत्रीण, आई, बाप, चौघांनीही सगळा प्रवास पुरा केला तरच खरा शेवट दिसे. घरातला प्रत्येक जण पोरांसाठी खपल्याशिवाय पोरे घरी येत नाहीत. ही अट अमेरिकेला जाताना गळून पडली.

बाकीही बरेच बदलले. करारातली पात्रे फुजीच्या मेळ्याची होती, ती तिथे चालणार नव्हती आणि मारियोच्या नावाने विकायचे तर मारियो हवाच होता. इमाजिनच्या जागी मारियो आला, आईच्या जागी लुइजी, बापाच्या जागी टोड आणि लिनाच्या जागी राजकन्या. गुण मात्र ज्याचे त्याच जागी राहिले. आईची उडी सगळ्यांत उंच होती, म्हणून लुइजीची उडी उंच झाली. लिना हवेत क्षणभर तरंगायची, म्हणून राजकन्या तरंगू लागली. बापाची ताकद टोडला मिळाली. जमिनीतून उपटलेला जादूचा दिवा फेकला की दार उघडायचे. तो दिवा गेला, त्याजागी औषधाची कुपी आली. पळण्याचे बटण नवे घातले गेले, एक नवा खेकडा शत्रू म्हणून आला. मूळ खेळात फेकायची एक वस्तू म्हणजे काळ्या माणसाचे ओंगळ व्यंगचित्र वाटावे असे डोके होते. त्याजागी कासवाची ढाल आली, हे मात्र फार बरे झाले.

ऑक्टोबर 1988 मध्ये हा खेळ ‘सुपर मारियो ब्रदर्स 2’ म्हणून अमेरिकेत आला. ‘निन्टेन्डो पॉवर’ या मासिकाच्या पहिल्याच अंकाच्या मुखपृष्ठावर त्याचे मातीच्या बाहुल्यांचे चित्र होते. खेळ तुफान खपला, पुढे पंचाहत्तर लाखांच्या आसपास प्रती गेल्या. त्याच ऑक्टोबरमध्ये जपानी मुले मारियोचा तिसरा भाग खेळायला लागली होती. जपानला हा ‘दुसरा भाग’ मिळाला तो 1992 च्या सप्टेंबरमध्ये, ‘सुपर मारियो यूएसए’ या नावाने. आमच्या कॅसेटवरच्या ‘यूएसए’चा उलगडा मला असा बऱ्याच वर्षांनी झाला. जपानमध्ये जन्मलेला खेळ अमेरिकेला गेला, कपडे बदलले आणि परदेशी म्हणून आपल्याच घरी परत आला.

आवडणारे, नावडणारे

या खेळावर खेळाडूंची जी मते आहेत, त्यांचे तीन गट करता येतील.

पहिला गट नाराजांचा, म्हणजे माझ्या चुलतभावाचा. त्यांचे म्हणणे असे की, मारियो म्हणजे काही नियम. उडी मारली की शत्रू मेला पाहिजे, वीट फुटली पाहिजे, वेळेचे भान असले पाहिजे. इथे सगळे संथ आहे. भाज्या उपटत बसायचे आणि शेवटी काय, तर मारियो पलंगावर झोपलेला, सगळे स्वप्न होते! या लोकांची तक्रार मला पोरकट वाटत नाही. डब्यावरचे नाव हे गिऱ्हाइकाला दिलेले वचन असते. आंब्याच्या पेटीत पेरू निघाले तर पेरू कितीही गोड असोत, माणूस आधी चिडणारच.

दुसरा गट माझ्या बहिणीचा. त्यांना नेमका वेगळेपणाच आवडतो. चार पात्रांतून हवे ते निवडा, प्रत्येकाची चाल निराळी. दर पायरीला एखादी नवी गंमत. चावी उचलली की भिंतीवरचा मुखवटा जिवंत होऊन पाठलाग करतो, हे ज्यांनी लहानपणी अनुभवले ते आजही विसरलेले नाहीत. ज्या मालिकेत राजकन्या नेहमी कैदेत असायची, तिथे ती स्वतः भाज्या उपटून राक्षसांना मारू लागली, ही त्या काळी लहान गोष्ट नव्हती. बहिणीने तिच्याखेरीज दुसऱ्या पात्राला कधी हात लावला नाही.

तिसरा गट नंतरचा. ‘दोकी दोकी पॅनिक’ची हकिकत बाहेर पडल्यावर तो तयार झाला. या लोकांना खेळ आवडलेलाही असतो, पण मूळ कळल्यावर त्यांना फसल्यासारखे वाटते. खेळताना जो आनंद झाला तो खरा होता, हे ते मान्य करतात, पण आता ते ‘फक्त चेहरे बदललेत’ या एका वाक्यात सगळे मोडीत काढतात. माझा भाचा या गटातला. त्याने खेळ धड पाच मिनिटेही खेळलेला नव्हता. त्याच्याकडे फक्त वंशावळ होती.

पहिल्या गटाशी माझे भांडण नाही, आवड ही ज्याची त्याची. वाद घालावासा वाटतो तो या तिसऱ्या गटाशी. कारण ज्या दुसऱ्या जपानी खेळाला ते ‘खरा दुसरा भाग’ म्हणतात, त्याने पुढच्या मारियोला फारसे नवे दिले नाही. या ‘नकली’ने मात्र भरभरून दिले. मुखवटा घातलेला लाजरा ‘शाय गाय’, पेटती वात घेऊन चालणारा ‘बॉब-ऑम्ब’, निवडुंगाचा ‘पोकी’, अंडी फेकणारी ‘बर्डो’ ही मंडळी इमाजिनच्या घरातून आलेली आहेत आणि आज त्यांच्याशिवाय मारियोचे जग पुरे होत नाही. लुइजी हा त्याआधी खेळांत दिसायला केवळ हिरव्या रंगाचा मारियो होता. तो उंच, सडपातळ झाला तो आईच्या जागेवर उभा राहिल्यापासून. 2013 च्या ‘सुपर मारियो थ्रीडी वर्ल्ड’मध्ये तीच चार पात्रे जवळपास तेच चार गुण घेऊन पुन्हा आली. ज्याला सावत्र म्हटले, त्याचाच चेहरा पुढच्या पिढीत उतरला.

अरबस्तान कोणाचे?

आता पागोट्याकडे येतो. एक मुसलमान वाचक म्हणून मला ही हकिकत पहिल्यांदा कळली तेव्हा मनात आले ते असे की, पाहा, अरबांना काढून टाकले आणि त्यांच्या वाळवंटात मारियोला बसवले. आपल्याला अशा गोष्टींची सवय इतकी झाली आहे की, निष्कर्ष आधी येतो, चौकशी नंतर.

चौकशी केली तर हा निष्कर्ष टिकत नाही. काढले ते करारामुळे आणि विक्रीच्या गणितामुळे. आणि मुळात जे काढले ते अरब तरी होते का? टीव्ही कंपनीच्या मेळ्यासाठी रंगवलेले, जपानी कल्पनेतले ते अरबस्तान. गालिचा, दिवा, नाग, पिरॅमिड सगळे एका पोतडीत. कैरो, बगदाद किंवा दमास्कसच्या एखाद्या मुलाने तो खेळ पाहिला असता, तर आपले घर म्हणून ओळखले नसते. त्यांना तिथे बसवणे हा सन्मान नव्हता आणि काढणे हा कट नव्हता.

पण हे कल्पनेतले अरबस्तान आले कुठून, हे पाहिले तर अस्सल-नक्कलीचा घोळ आणखी वाढतो. जादूचा दिवा म्हणजे अलादीन आणि अलादीन म्हणजे अलिफ-लैला, असे आपण धरून चालतो. अलिफ-लैलाच्या जुन्या अरबी हस्तलिखितांत अलादीनची गोष्टच नाही. अँत्वान गालाँ या फ्रेंच विद्वानाने 1704 पासून अलिफ-लैलाचे फ्रेंच खंड काढायला सुरुवात केली. त्याच्याकडची हस्तलिखिते संपत आली, वाचकांची मागणी संपेना. 1709 साली पॅरिसमध्ये त्याला हलबचा, म्हणजे अलेप्पोचा, हन्ना दियाब नावाचा एक तरुण भेटला. तो सीरियन ख्रिस्ती होता. त्याने गालाँला तोंडी गोष्टी सांगितल्या. अलादीन आणि अलीबाबा या त्यांतल्याच. त्यातही अलादीनची गोष्ट घडते चीनमध्ये!

एका सीरियन ख्रिस्ती तरुणाने पॅरिसमध्ये फ्रेंच माणसाला सांगितलेली, चीनमध्ये घडणारी गोष्ट जगभर ‘अरबी’ म्हणून प्रसिद्ध झाली. मराठीत ती आली इंग्रजीच्या वाटेने. कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी एकोणिसाव्या शतकात ‘अरबी भाषेतील सुरस व चमत्कारिक गोष्टी’ मराठीत आणण्याचे काम सुरू केले, तेव्हापासून त्या गोष्टी मराठी घरांत पिढ्यान्‌पिढ्या वाचल्या गेल्या. आता अलादीनला अलिफ-लैलाबाहेर काढायचे का? कोणी काढू शकणार नाही. तीनशे वर्षे तो तिथे राहिला आहे. दियाबचे नाव मात्र गालाँच्या पुस्तकात आले नाही. गालाँच्या खासगी रोजनिशीत त्याची नोंद राहिली, म्हणून आज आपण ते घेऊ शकतो.

इमाजिनच्या कुटुंबाचे दुखणे मला तेच वाटते. मारियो त्यांच्या घरात राहायला आला, यात गुन्हा नाही. पण आईची उडी लुइजीच्या नावावर लागली आणि आईचे नाव कोणाला ठाऊक राहिले नाही, हे बरोबर नाही.

‘नक्कल’ या शब्दाविषयी

मी उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवतो. अनोळखी ठिकाणी मराठी बोललो की, एक वाक्य हमखास ऐकायला मिळते. ‘‘तुमचं मराठी किती शुद्ध आहे हो!’’ बोलणाऱ्याच्या मनात वाईट काही नसते, हे मला कळते. एका प्रशिक्षण शिबिरात मी व्याकरणावर तासभर बोललो, त्यानंतर चहाच्या वेळी एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी हेच वाक्य म्हटले. मी ‘धन्यवाद’ म्हणालो. घरी येताना मात्र विचार करत राहिलो. माझ्या आधी बोललेल्या तिघांना कोणी असे म्हटले नव्हते. ते मराठीच होते. मी मराठी ‘बोलत’ होतो.

उलट बाजूही सांगितली पाहिजे. आपल्या घरांतही हा तिसरा गट आहे. मराठीत लिहिणाऱ्या मुसलमानाला ‘मुशायऱ्यात का नाही जात?’ असे विचारणारे आहेत. आमच्या आजीची दखनी ऐकून ‘ये कोई उर्दू है?’ म्हणणारे लखनवी थाटाचे पाहुणे मी लहानपणी पाहिले आहेत. मराठीवाल्यांना आम्ही पुरेसे मराठी नाही, उर्दूवाल्यांना पुरेसे उर्दू नाही. सगळीकडे डब्यावरचे नाव आणि आतला माल तपासणारे उभे.

शिवकाळात राज्यव्यवहारकोश तयार झाला. कारभारातल्या फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द द्यायचे, असा त्याचा हेतू होता. नव्या राज्याला स्वतःची भाषा हवीशी वाटावी, हे मी समजू शकतो. त्यातले काही शब्द रुजले. पण आजही शेतकरी जमिनीच्या तक्रारीचा अर्ज सरकारी कचेरीत देतो, दाखला मागतो आणि वकील करतो. या वाक्यातून अरबी-फारसी शब्द काढले तर त्या शेतकऱ्याला तोंड उघडता येणार नाही. त्याला मात्र ते शब्द परके आहेत असे कधी वाटलेले नाही, वाटायचे कारणही नाही. त्याच्यासाठी ते मराठी आहेत आणि त्याचे बरोबर आहे.

आणि गंमत अशी की, ज्या दोन शब्दांनी आपण खरे-खोटे ठरवतो, ते ‘अस्सल’ आणि ‘नक्कल’ हे दोन्ही अरबीतून आलेले आहेत. ‘अस्ल’ म्हणजे मूळ. ‘नक़्ल’चा पहिला अर्थ खोटे किंवा बनावट असा नाहीच. एका जागेवरून दुसऱ्या जागी नेणे, पोहोचवणे, असा तो अर्थ आहे. आपल्या धार्मिक विद्येत ‘नक़्ल’ हा आदराचा शब्द आहे. एका पिढीने दुसरीला जसेच्या तसे सुपूर्द केलेले ज्ञान ते ‘मनक़ूल’. उर्दूत घर सोडून दुसरीकडे जाण्याला ‘नक़्ल-ए-मकानी’ म्हणतात. पोहोचवण्यावरून प्रत काढणे आणि प्रतीवरून बनावट, असा हा शब्द घसरत आला.

जुना अर्थ धरला तर भाच्याचे म्हणणे मला मान्य आहे. तो खेळ नक़्ल आहे. एका घरातून दुसऱ्या घरात नेलेला, तिथे राहिलेला, तिथल्या पोराबाळांना आपले गुण देऊन गेलेला. अट एकच, नक़्ल करणाऱ्याने कोणाकडून घेतले ते सांगितले पाहिजे. हदीसच्या विद्येत साखळीतल्या एकेका सांगणाऱ्याचे नाव घेतात, ते उगाच नाही.

ईदच्या दिवशी हे सगळे मी मुलांना सांगितले नाही, त्यांनी ऐकूनही घेतले नसते. मी एवढेच विचारले की, लुइजीची उडी मारियोपेक्षा उंच का आहे, माहीत आहे का? दोघांनी माना हलवल्या. म्हटले, कारण त्या जागी आधी एक आई होती. तिची पोरे पुस्तकात अडकली होती.

भाच्याला ते पटले की नाही कोण जाणे. पण त्याने मोबाइल मागून घेतला आणि पहिल्यापासून खेळ सुरू केला. स्वयंपाकघरातून बहीण म्हणाली, ‘‘पहले मुझे दे. राजकन्या घे, बाकी कोणी कामाचं नाही त्यात.’’